काठावरचा मतदार

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. आमच्या पेठेतल्या शाळेपासून नियमाप्रमाणे २०० मीटर सोडून पक्षांची टेबलं लागली होती. पिंपळाखाली एक, झेरॉक्सच्या दुकानापुढे एक, आणि तिसरं उन्हातच. टेबलावर मतदारयाद्यांचे गठ्ठे, चहाचे कागदी कप, पुंगळ्या झालेल्या चिठ्ठ्या. मी सावलीतलं टेबल बघून थांबलो. तिथल्या पोराला मी लहानपणापासून ओळखतो. त्याने माझं नाव न विचारता यादीवरून बोट खाली खाली नेलं आणि आमच्या घर क्रमांकावर थांबवलं. यादी माझ्या बाजूने उलटी होती, पण बँकेत तीस वर्षं काउंटरवर बसलेल्या माणसाला उलटं वाचायची सवय असते. बायकोच्या नावापुढे हिरव्या बॉलपेनने टिक. पुण्याला असलेल्या मुलाच्या नावापुढे टिक, आणि बारीक अक्षरात ‘येणार का?’. वरच्या भाडेकरूंच्या चारही नावांपुढे फुल्या. माझ्या नावापुढे प्रश्नचिन्ह. तेही साधं नाही. आधी कुणीतरी काढलेलं, मग दुसऱ्या कुणीतरी त्यावरूनच पुन्हा गिरवलेलं. माझी नजर गेली तसा त्याने तळहात त्या ओळीवर ठेवला. ‘काय नाही ओ काका, आमच्या हिशोबाचं असतंय ते,’ म्हणाला आणि चिठ्ठी फाडून दिली. शेजारी बसलेल्या दुसऱ्याने मात्र खरं काय ते सांगून टाकलं. ‘काठावरचे हायत तुम्ही. तुमच्यावरच तर सगळं असतंय.’

रांगेत उभा असताना पहिल्यांदा मला बरंच वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. आपण कुणाच्या खिशात नाही, आपल्याला गृहीत धरता येत नाही, म्हणजे आपण विचार करणारे नागरिक आहोत वगैरे. बोटाला शाई लागेपर्यंत तो अभिमान टिकला. बटण दाबलं, शेजारच्या यंत्रात चिठ्ठी सात सेकंद दिसली आणि पडली. बाहेर आलो तेव्हा त्या गिरवलेल्या प्रश्नचिन्हाचा राग यायला लागला होता. साठीकडे झुकलेल्या माणसाला गल्लीतली पोरं दोन-दोनदा तपासून बघतात आणि तरी त्यांना कळत नाही की हा कोण आहे. हे काही कौतुक म्हणता येणार नाही. ज्यांच्या घरात आयुष्यभर ये-जा आहे त्यांनाही माझा पत्ता लागत नसेल, तर तो मला तरी लागलाय का?

बायकोला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘माझ्यापुढे टिक होती? बरं झालं. म्हणजे कुणी घरी येऊन डोकं खाणार नाही.’ तिने मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही. ती सांगतही नाही. टिक चुकीची असावी, असा माझा अंदाज आहे.

आमच्या घरात पूर्वी असले अंदाज करावे लागत नसत. वडील सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते आणि लाल बावट्याचे होते. मामा शाखेचे. हे दोघे दिवाळीला एका पंगतीत बसत आणि पुरणपोळी यायच्या आत भांडायला लागत. वडिलांना साच्यांच्या खडखडाटामुळे ऐकू कमी यायचं, त्यामुळे ते साधं बोलले तरी गेट मीटिंगला उभे आहेत असं वाटायचं. मामा शिक्षक, आवाज कधी चढवायचे नाहीत. पण त्यांच्या शांतपणाचाच वडिलांना जास्त संताप यायचा. आई तूप वाढत वाढत दोघांच्या मध्ये उभी राहायची. मला ती भांडणं फार आवडत. चीन, गोळवलकर, रशियाचा गहू, काश्मीर, महागाई. काही कळायचं नाही, पण या दोन माणसांना जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींबद्दल काय म्हणायचं ते माहीत आहे, याचं मला नवल वाटायचं. मला तर शाळेत कबड्डी घ्यायची की खो-खो, हेही ठरवता यायचं नाही.

१९७५ च्या जुलैमध्ये संघावर बंदी आली आणि मामांना उचललं. येरवडा. मी तेव्हा प्राथमिक शाळेत. घरी पोलीस आले होते एवढंच मामी सांगायची, बाकी तिला रडू यायचं. वडिलांचा पक्ष भारतीय कम्युनिस्ट, आणि त्या पक्षाने आणीबाणीला पाठिंबा दिला होता. म्हणजे आमच्या घरातला एक माणूस तुरुंगात होता आणि दुसरा माणूस ज्या झेंड्याखाली उभा होता तो झेंडा तुरुंगात टाकणाऱ्यांच्या बाजूला होता. वडील आणीबाणीचं समर्थन करायचे. फॅसिस्ट शक्ती, परकीय हात, गाड्या वेळेवर धावतात, सगळं. आणि दर महिन्याला पगार झाला की सायकलला पिशवी अडकवून मामीकडे ज्वारी, तेल, साखर पोचवायचे. युनियनच्या ऑफिसात याबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत. आईने एकदा स्वयंपाकघरात विचारलं होतं, तुमच्या पक्षाचं बरोबर असेल तर माझा भाऊ आत कशाला पाहिजे? ते काही बोलले नाहीत. ताटातली भाकरी मोडत राहिले. १९७८ मध्ये भटिंड्याच्या अधिवेशनात पक्षाने आपली चूक झाली असं मान्य केलं. त्यानंतरच्या दिवाळीत, पक्षाचा ठराव झाल्यावर, वडिलांनी पंगतीत मामांना सांगितलं की आणीबाणी चुकीची होती. मामा हसून म्हणाले, ‘मग दीड-दोन वर्षं ज्वारी कोण आणून देत होतं?’

या प्रसंगाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. तरुणपणी मी तो विचारसरणीच्या विरोधातला पुरावा म्हणून सांगायचो. बघा, चांगला माणूस होता, डोळ्यांनी दिसत होतं, हातांनी योग्य तेच करत होता, पण तोंडाने बोलायला वरून ठराव यावा लागला. आता मला तो इतका सोपा वाटत नाही. वडील पक्षात नसते तर ते कोण असते? साच्यावर बारा-बारा तास उभा राहणारा, कमी ऐकू येणारा आणि मुकादमाला घाबरणारा एक माणूस. मुकादमाच्या डोळ्यात बघून बोलायला त्यांना लाल बावट्याने शिकवलं. त्याच बावट्याने नंतर तीन वर्षं त्यांचं तोंड बांधलं. एक घेऊन दुसरं नाकारण्याची सोय मला, त्यांच्या पगारावर शिकून बँकेत लागलेल्या मुलाला, होती. त्यांना नव्हती.

माझी मतं म्हणाल तर ती चारी दिशांना पसरलेली आहेत. १९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं नसतं तर करमाळ्याच्या खेड्यातल्या शाखेत मी गाय-म्हशींची कर्जं वाटली नसती, हे मला पक्कं माहीत आहे आणि बँका विकायच्या गोष्टी निघाल्या की माझ्या अंगात वडील संचारतात. पण टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेला देशही मी पाहिलाय आणि १९९१ नंतर दारं उघडली त्याबद्दल मला कसलंही दुःख नाही. कांद्याचं घ्या. सोलापूरचं मार्केट यार्ड कांद्याचं मोठं. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा यार्डात ओळखीच्या शेतकऱ्याची मान खाली गेलेली मी पाहिली. त्या क्षणी मी पुरता शरद जोशींचा होतो, सरकारने बाजारातून हात काढावा या मताचा. संध्याकाळी बायको म्हणाली, कांदा उतरला, बरं झालं, गेले दोन महिने अर्धा-अर्धा किलो आणत होते. मी पिशवी घेतली आणि दोन किलो आणले. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज आले की मी गर्दीत हात जोडून उभा असतो, माझ्या डोळ्यांत पाणी येतं. आणि धर्माचं नाव घेऊन कुणी मत मागितलं की मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. मामा म्हणायचे, तू आमचाच आहेस, फक्त तुला कळलेलं नाही. वडील म्हणायचे, तू कुणाचाच नाहीस, तुझा पगार वेळेवर होतो.

प्रत्येक विचारसरणी म्हणजे खानावळीतलं पूर्ण ताट असतं. मला त्यातली आमटी हवी असते, पण कोशिंबीर नको असते, आणि मालक म्हणतो, ताटात बदल होणार नाही.

वडिलांचं ते पगाराचं वाक्य मला तेव्हा लागलं होतं. ते खोटं नाही हे १९९३ मध्ये दिसलं. ३० सप्टेंबरची पहाट, आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं नुकती झोपलेली. सोलापुरात आम्ही भूकंपाने भांडी वाजताना ऐकली आणि रस्त्यावर आलो. उजाडल्यावर किल्लारीचं नाव कळलं. दुपारपर्यंत मामांच्या लोकांनी ट्रक ठरवला होता. फावडी, दोर, रॉकेल, तोंडाला बांधायला फडकी. युनियनच्या ऑफिसात बायका भाकऱ्या थापत होत्या आणि वडील सायकलवरून पीठ गोळा करत होते. मला जायचं होतं. पण जायचं कसं? माझ्यासारख्या, स्वतंत्र विचारांच्या, कुणाचेच नसलेल्या माणसांचा ट्रक नसतो. मी मामांच्या ट्रकमध्ये चढलो. नळदुर्ग, उमरगा, पाऊस. सास्तूरला पोचलो तेव्हा गाव नव्हतंच, दगडमातीचे ढीग होते. त्या भागातल्या भिंती हात-दोन हात जाड आणि वर मातीचं जड धाबं. त्याने माणसं दाबून टाकली होती. मामा तेव्हा पन्नाशीच्या पुढे. चिखलात गुडघे टेकवून हातांनी दगड काढत होते आणि कुणाचं प्रेत निघालं, कुठल्या वाड्यातलं, कुठल्या मोहल्ल्यातलं, यावर त्यांचा चेहरा बदलत नव्हता. हेच मामा पुढे त्याच वर्षांत, मंदिर-मशिदीच्या वादात, असं काही बोलायचे की मला उठून जावंसं वाटायचं. दोन्ही मामा खरे होते. चिखलातले मामा खरे आणि पंगतीतले खोटे, असं म्हणायची मला फार इच्छा आहे, पण तसं नव्हतं. चिखलात गुडघ्यांवर बसायची शिस्त त्यांना जिथून मिळाली, तिथूनच पंगतीतली वाक्यंही आली होती.

तेव्हापासून ‘मी कुठल्याही विचारसरणीचा नाही’ असं अभिमानाने सांगणारा माणूस भेटला की मी मनात विचारतो, मग तुझा ट्रक कुठला? सोशल मीडियावर तर अशा तटस्थांचा सुकाळ आहे. दोन्हीकडच्यांच्या चुका काढायच्या, मधे उभं राहायचं, आणि मधलं स्थान म्हणजेच खरं असं समजायचं. मध्य हीसुद्धा एक जागाच आहे, आणि बहुतेकदा ती पंख्याखालची असते.

ज्यांनी विचारसरणी सोडली किंवा ओलांडली अशी माणसं मला आवडतात, पण त्यांनी ते काठावर बसून केलेलं नसतं. मानवेंद्रनाथ रॉय घ्या. मेक्सिकोत कम्युनिस्ट पक्ष उभा करणाऱ्यांतला माणूस, कॉमिंटर्नमध्ये, म्हणजे कम्युनिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत, वरपर्यंत गेलेला, तिथून हाकलला गेलेला. भारतात येऊन तुरुंग भोगला, रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष काढला आणि १९४८ मध्ये, पक्ष हे साधनच आपल्या विचाराला पुरत नाही असं ठरवून, तो विसर्जित केला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारखी आपली माणसं त्यांच्या प्रभावळीत होती. आज आपल्याकडे पक्ष फुटतात, चिन्हं इकडची तिकडे जातात. २०२२ आणि २०२३ मध्ये तर आमच्या गल्लीतल्या पोरांनी इतक्या वेळा उपरणी बदलली की त्यांच्या आयांना कुठलं धुवायला टाकायचं कळेना. पण विचार पुढे गेला म्हणून कुणी पक्ष मिटवल्याचं ऐकलंय? किंवा आंबेडकर. मार्क्सवाद्यांशी त्यांचं हाडवैर म्हणावं इतके मतभेद. तरी नोव्हेंबर १९३८ मध्ये औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी संप केला. आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी बजावलं की धर्मातली भक्ती मुक्तीकडे नेत असेलही, राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडेच नेते. हे वाक्य आता सगळेच पक्ष एकमेकांच्या तोंडावर मारतात. स्वतःच्या पुढाऱ्यासमोर म्हणून दाखवणारा मी अजून पाहिलेला नाही.

आणि एक उदाहरण आमच्या सोलापूरचं. माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, मार्क्सवादी कम्युनिस्ट. पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांच्या घरांसाठी या माणसाने उभी हयात घातली. आधी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत, मग कुंभारीला रे नगरची तीस हजार घरं. ती प्रधानमंत्री आवास योजनेतली. म्हणजे अनुदान दिल्लीचं आणि राज्याचं, आणि तेव्हा दोन्हीकडे सत्ता भाजपची. ९ जानेवारी २०१९ रोजी पायाभरणीला पंतप्रधान आले आणि मास्तरांनी त्यांचं जाहीर कौतुक केलं. पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. शहरात तेव्हा दोन तट पडले. मास्तर विकले गेले, असं म्हणणारे होते. पक्षाचं डोकं फिरलंय, असं म्हणणारे होते. मला दोन्ही पटेना. ज्या पक्षाला आपल्या नेत्याचं असलं भाषण खुपत नाही तो पक्ष कसला? आणि ज्याला तीस हजार कुटुंबांना छप्पर मिळतंय हे दिसत असताना धन्यवादसुद्धा म्हणवत नाही, तो मास्तर कसला? मास्तरांनी शिक्षा घेतली, पक्ष सोडला नाही, दुसरं उपरणं घातलं नाही. १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या पंतप्रधानांच्याच हस्ते दिल्या गेल्या. त्याच वर्षीच्या विधानसभेत मास्तर लाल बावट्यावर पुन्हा उभे राहिले आणि पडले. वडील असते तर या माणसाबद्दल काय म्हणाले असते, याचा मी पुष्कळ विचार करतो. त्यांचा पक्ष वेगळा, मास्तरांचा वेगळा. पण ज्वारीची पिशवी मास्तरांनी भर सभेत उघड्यावर नेली.

निकालानंतर काही दिवसांनी बायकोबरोबर रे नगरला गेलो. ती पूर्व भागातल्या शाळेत शिकवायची. तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या आईला घर मिळालं होतं. शहराबाहेर, मोकळ्या माळावर एकसारख्या इमारतींच्या रांगा, नव्या रंगाचा वास, दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. बोलताना मान वर नाही, बोटं थांबत नाहीत. पान, तंबाखू, वळण, दोरा. दिवसाला हजार व्हायच्या, आता डोळ्यांनी दिसत नाही म्हणून सहाशे, त्यातही कारखान्यात छाट, म्हणजे नापास विड्या, काढतात ती वेगळी. भिंतीवर मार्कंडेय ऋषींची तसबीर, तिच्या एका बाजूला लाल बावट्याचं कॅलेंडर, दुसऱ्या बाजूला पंतप्रधानांचा वर्तमानपत्रातला फोटो कापून चिकटवलेला. मी त्या भिंतीकडे जरा जास्तच बघत असणार, कारण त्या म्हणाल्या, ‘हे काय बघताव साहेब, मास्तरनी भांडून घर आणलं, मोदीनी चावी दिली. दोघं बी ऱ्हाऊ द्या की.’

मत कुणाला दिलं, हे मी विचारलं नाही. त्यांनीच विचारलं. मी बँकेतला हे बायकोने सांगितलं होतं, तर पेन्शनचा कागद काढून पुढे केला. महिन्याला हजार रुपये. ‘हे वाढवायला कुणाला मत टाकायचं ते सांगा.’ मी उत्साहाने सांगायला लागलो. ही किमान हजाराची पेन्शन २०१४ ची. फेब्रुवारीत मनमोहन सिंगांच्या मंत्रिमंडळाने मंजूर केली, मग सरकार बदललं आणि सप्टेंबरपासून मोदी सरकारने ती लागू केली, आणि त्यानंतर इतकी वर्षं ती तेवढीच आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पंचवीस विड्यांचा कट्टा बांधला, दोरा दातांनी तोडला.

‘म्हणजे दोघांनी मिळून बी हजारच दिले म्हणा की,’ म्हणाल्या, आणि पुढचं पान घेतलं.